सांगाड्याचा रंग

टॉम वुल्फ यांनी 1963 मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात कॅलिफोर्नियातल्या मोटारवेड्या तरुणांवर एक दीर्घ लेख लिहिला. पुढे 1965 मध्ये त्यांच्या पहिल्या पुस्तकाला नाव मिळाले तेही याच लेखावरून. ‘न्यू जर्नलिझम’ शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना हा लेख परिचित असतो. त्याच्या लांबलचक, ध्वन्यनुकारी शीर्षकातले ‘कँडी’ आणि ‘फ्लेक’ हे शब्द थेट रंगाऱ्याच्या परिभाषेतून आलेले आहेत. धातूच्या झळाळीच्या थरावर पारदर्शक रंगाचे एकावर एक हात दिले की जी खोली येते ती कँडी. रंगात कालवलेली धातूची बारीक चमकी म्हणजे फ्लेक. घरी बांधलेल्या आणि बदललेल्या मोटारींकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी या लेखाने साहित्यिक वाचकाला दिली, हे त्याचे श्रेय मान्यच केले पाहिजे. मात्र त्या दृष्टीला एक मर्यादा होती. गाडी दिसली ती वरून आणि बाजूने. तिच्या खाली जे होते, ज्यावर ती उभी होती, त्याच्या रंगाकडे साहित्याचे लक्ष फारसे गेले नाही. या लेखात त्या खालच्या रंगाचा इतिहास मांडायचा आहे.

मोटारीच्या या खालच्या भागाला ‘चासी’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. मूळ अर्थ चौकट. खिडकीची चौकट तर तिथे ‘शासी’ आहेच, पण चित्रकार ज्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणून बसवतो तिलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. चित्र पाहणारा चौकटीची मागची बाजू पाहत नाही. चित्राचा इतिहास लिहिणारा मात्र ती आवर्जून उलटून पाहतो, कारण शिक्के, खुणा, जुन्या दुरुस्त्या तिथेच सापडतात. ‘हॉट रॉड’ म्हणजे जुनी, स्वस्तात मिळालेली गाडी उघडून, नको ते काढून टाकून, इंजिनाची ताकद वाढवून स्वतःच्या हातांनी नव्याने बांधलेली मोटार. अशा गाडीचा इतिहास लिहिणाऱ्यानेही तिला उलटून पाहायला हवे.

आरंभ फोर्डच्या कारखान्यातून करावा लागतो. मॉडेल टी ही गाडी 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या घरात तयार झाली आणि त्यातली 1914 ते 1925 ही वर्षे केवळ काळ्या रंगाची होती. हा काळा रंग म्हणजे अस्फाल्टसारख्या द्रव्यांपासून केलेले, भट्टीत भाजून कडक होणारे रोगण. जपानी लाखकामाच्या नकलेतून आलेले म्हणून त्याला इंग्रजीत ‘जपान’ असेच नाव पडले होते. अंगासाठी एक काळा, सांगाड्यासाठी दुसरा, असे त्याचेही प्रकार होते. सांगाड्याच्या काळ्याकडून कोणाचीही सौंदर्याची अपेक्षा नव्हती. पोलाद गंजू नये एवढेच त्याचे काम. शिवाय मॉडेल टी काय किंवा तिच्यानंतरची मॉडेल ए काय, दोहोंत सांगाड्याच्या बाजू आणि पायपट्टी यांच्यामधली जागा पत्र्याच्या पडद्याने झाकलेली असे. सांगाडा दिसण्याची सोयच नव्हती.

1932 मध्ये फोर्डने जी गाडी आणली तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक सर्वांना ठाऊक आहे : स्वस्त गाडीत प्रथमच बसवलेले 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन. दुसरी गोष्ट इतिहासात तळटीपेपुरती उरली आहे. या गाडीत तो पत्र्याचा पडदा नव्हता. सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्या अंगाखालून थेट बाहेर दिसत होत्या, आणि त्या दिसणार हे गृहीत धरून कारखान्याने त्यांच्यावर ठशाने एक लांब, डौलदार उठावाची रेघ काढली होती. वजन पेलणाऱ्या भागाला इथे पहिल्यांदा चेहरा मिळाला. पुढच्याच वर्षी गाडीचा आकार बदलला. नंतरच्या घरबांध्यांनी याच एका वर्षाच्या सांगाड्याचा एवढा ध्यास घेतला, त्याचे एक कारण या रेघेत आहे.

दुसरे कारण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. म्युरॉकसारख्या सुकलेल्या तलावांच्या सपाट, कठीण तळावर तरुण मंडळी गाड्या पळवत. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली आणि वेग शिस्तीने मोजला जाऊ लागला. वेगासाठी वजन कमी हवे आणि वाऱ्याचा अडथळाही कमी हवा; म्हणून मडगार्ड, पायपट्ट्या, टप असे जे काही काढता येईल ते काढले गेले. याचा परिणाम म्हणून सांगाडा उघडा पडला. तो दाखवावा असे कोणाच्याही मनात नव्हते. वापरात आलेल्या गोष्टीचे सौंदर्य नंतर लक्षात यावे आणि मग त्याचाच संकेत बनावा, हा क्रम साहित्याच्या इतिहासात आपण अनेकदा पाहिलेला आहे. इथेही तेच झाले. मडगार्ड नसलेली, सांगाड्याच्या वर अंग बसवलेली गाडी ‘हायबॉय’ म्हणून ओळखली जाऊ लागली. याउलट अंगाचा तळ कापून ते सांगाड्यावर खाली उतरवले की पट्ट्या अंगाआड जात. त्याला ‘चॅनलिंग’ म्हणत. घराण्यांमध्ये असावा तसा हा भेद होता, आणि सांगाडा किती दिसू द्यायचा हाच त्याच्या मुळाशी प्रश्न होता.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. रंग हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे शेवटचा हात येतो. प्रत्यक्षात शेवटचा हात हा कामाचा फार छोटा भाग असतो. घरी गाडी बांधणारा ती दोनदा बांधतो. पहिल्यांदा न रंगवलेल्या पोलादावर इंजिन, गिअरपेटी, ॲक्सल, स्प्रिंगच्या पाट्या, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या असे सारे जुळवून पाहायचे. कुठे भोक पाडायचे, कुठे पट्टी जोडायची, कुठे काय घासते हे ठरवायचे. कर्ण मोजून सांगाडा तिरका झालेला नाही याची खात्री करायची. मग सर्व पुन्हा सुटे करायचे. कारण रंगानंतर पाडलेले प्रत्येक भोक हे गंजाला दिलेले आमंत्रण असते, आणि रंगानंतर केलेले प्रत्येक वेल्डिंग भोवतीचा रंग जाळते. पहिली बांधणी अशी सगळी प्रश्नांची असते आणि तिची खूण पूर्ण झालेल्या गाडीवर कुठेही राहत नाही.

त्यानंतर खरवडणे. अनेक वर्षांचे ग्रीस, तेल आणि माती यांचा घट्ट लेप रॉकेलने आणि पत्रीने काढायचा. तारेच्या ब्रशने गंज घासायचा. ज्याला परवडते तो वाळूच्या झोताने पोलाद स्वच्छ करून घेतो. हे तंत्र मोटारीहून जुने, बेंजामिन टिलमन यांनी 1870 मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. झोत मारल्यावर पोलाद राखाडी, निस्तेज आणि उघडे दिसते, आणि मग खरी घाई सुरू होते. हवेतल्या दमटपणाने, इतकेच काय बोटांच्या घामानेही, काही तासांत त्यावर तांबूस झाक येते. म्हणून फॉस्फरिक आम्लाचा हात देऊन त्याच दिवशी अस्तर मारावे लागते. त्याआधी आटे असलेली भोके बुजवायची, विजेच्या जोडणीसाठी जिथे नितळ धातू लागतो ती जागा झाकायची, वेल्डिंगचे उंचवटे कानशीने उतरवायचे, खड्ड्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा अस्तर, पुन्हा घासणे.

या अस्तराचा जुना प्रकार आपल्या ओळखीचा आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी विसाव्या शतकात दीर्घकाळ जे अस्तर वापरले गेले ते जवसाच्या तेलात कालवलेले शिशाचे तांबडे ऑक्साइड. 1937 मध्ये खुल्या झालेल्या गोल्डन गेट पुलालाही त्याचेच अस्तर होते. हे द्रव्य म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने आपला पारंपरिक शेंदूर. गावाच्या वेशीवरचा मारुती आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पूल यांच्यावर एकच द्रव्य, तेही तेलातच कालवून, चढवले गेले. एकीकडे हेतू भक्तीचा, दुसरीकडे संरक्षणाचा. पण थरावर थर चढत जाणे आणि आतला मूळ आकार हळूहळू नजरेआड होणे, हा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

सांगाड्याच्या रंगकामात एक जागा मात्र अशी आहे की जिथे हात पोहोचतच नाही. फोर्डच्या त्या पट्ट्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या, एका बाजूने उघड्या होत्या. मूळ इंजिनाला तेवढे पुरे होते. जास्त ताकदीचे इंजिन बसवले की त्या पीळ खात. म्हणून उघड्या बाजूवर पोलादी पट्टी वेल्ड करून त्यांची बंद पेटी केली जाऊ लागली. पेटी मजबूत झाली, पण तिच्या आतली बाजू ब्रशच्या आणि नजरेच्या पलीकडे गेली. बाहेरून आरशासारखा चमकणारा सांगाडा आतून गंजत राहू शकतो. रिव्हेटने जोडलेल्या दोन पत्र्यांमधल्या फटीतही हेच घडते. या आतल्या गंजाची काळजी घेणारा बांधकाम करणारा कोणत्याही बक्षिसासाठी ते करत नसतो. ते काम कधीच कोणाला दिसणार नसते.

बक्षिसांचा उल्लेख झाला म्हणून त्या वळणाकडे येऊ. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला आणि त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. रस्त्यावर बेफाम गाड्या हाकणारी पोरे या बदनामीला उत्तर देणे हा त्यामागचा एक हेतू होता. नीट रंगवलेली, स्वच्छ गाडी ही त्या काळात सभ्यतेची साक्ष होती. 1950 मध्ये ओकलंडच्या प्रदर्शनात ‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ हा किताब पहिल्यांदा दिला गेला, तो बिल नीकॅम्प यांच्या 1929 च्या फोर्डला. हीच गाडी सुक्या तलावावर पळवलेलीही होती. एकाच गाडीने धूळही खावी आणि गालिच्यावरही उभे राहावे, अशी ती शेवटची वर्षे होती. पुढे दोन वाटा फुटल्या. प्रदर्शनाच्या वाटेवर गाडीखाली आरसे ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि जो रंग केवळ गंजाविरुद्ध होता तो परीक्षकासाठी झाला. वेल्डिंगच्या खुणा, कारखान्याची भोके, रिव्हेटची डोकी लांबीखाली बुजवून सांगाडा एकसंध, ओतीव दिसावा असा आग्रह वाढला. भट्टीत भाजलेल्या कोरड्या भुकटीचा लेप आल्यावर तर घराच्या पडवीतले हे काम कारखान्यात पाठवण्याची सोय झाली. तो लेप कडक आणि सुबक असतो. पण एकदा त्याचा टवका उडाला की गंज त्याच्याखालून पसरतो आणि घरच्या घरी दुरुस्ती करणे अवघड जाते.

या सौंदर्याची एक किंमत आहे आणि ती गाडीच्या किमतीत मोजली जात नाही. वाळूच्या झोतातून उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात. ब्रिटनने झोतासाठी अशा वाळूचा वापर 1949 च्या नियमांनी बंद केला. अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने 1974 मध्ये बंदीची शिफारस केली, पण तिथे सरसकट बंदी आली नाही. शेंदराच्या अस्तरात शिसे. जस्त-क्रोमेटच्या पिवळ्या-हिरव्या अस्तरात कर्करोगाला कारण होणारे क्रोमियम. आधुनिक दोन-घटकी रंगांच्या फवाऱ्यात दमा जडवणारे आयसोसायनेट. कारखान्यातल्या कामगाराला निदान कायद्याचा आधार मागता येतो. घराच्या गॅरेजमध्ये, तोंडाला रुमाल बांधून काम करणारा मालक आणि मजूर एकच असतो. त्याने कोणाकडे दाद मागायची? हौसेच्या इतिहासात श्रमाचा हा भाग गाळला जातो. तो गाळला की उरतो फक्त झळाळीचा इतिहास.

आता मुख्य मुद्दा. सांगाडा रंगवण्यासाठी आधी तो खरवडावा लागतो, आणि खरवडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. सर्वांत उघड उदाहरण क्रमांकाचे. फोर्डच्या व्ही-8 गाडीचा ‘18’ने सुरू होणारा क्रमांक, दोन्ही टोकांना तारा असलेला, सांगाड्याच्या पट्टीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. अंग बदलले, इंजिन बदलले, चाके बदलली तरी कायद्याच्या नजरेत गाडी तीच राहते ती या आकड्यांमुळे. आपल्याकडे चासी नंबरावर कागद धरून, पेन्सिल घासून त्याचा छाप आरटीओच्या अर्जावर चिकटवण्याची पद्धत अनेकांनी अनुभवली असेल. त्यामागचे तत्त्व हेच. वाळूचा झोत अंमळ जास्त वेळ राहिला, कानस एकदा जास्त फिरली, लांबीचा हात जाड बसला, की गाडीचे नाव पुसले जाते.

क्रमांक वाचवण्याची दक्षता बहुतेक जण घेतात. बाकीच्या खुणा मात्र अनाथ असतात. ब्रशने घाईत मारलेल्या रंगाचा ओघळ, एका पट्टीवर राहिलेला जुन्या रंगाचा तुकडा, दोनदा चुकलेले आणि तिसऱ्यांदा बरोबर पडलेले भोक, हात नीट न बसलेल्या माणसाचे खडबडीत वेल्डिंग : एखाद्या तरुणाने अपुऱ्या पैशांत आणि अपुऱ्या हत्यारांनिशी काय केले, याचा दुसरा दस्तऐवज बहुधा नसतो. 1997 मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटार-प्रदर्शनात हॉट रॉडला प्रथमच स्वतंत्र वर्ग मिळाला आणि डोन स्पेन्सर यांनी घडवलेली 1932 ची रोडस्टर, नव्याने दुरुस्त होऊन, तिथे पहिली आली. स्पेन्सर यांनी ती मेक्सिकोच्या खडतर ‘कॅरेरा पानअमेरिकाना’ शर्यतीसाठी सज्ज करायला घेतली होती आणि ती शर्यत 1954 नंतर बंद पडली. अशा गाडीला कलाकृतीचा मान मिळाला ही आनंदाचीच गोष्ट. परंतु त्या मानाबरोबर सर्वच जुन्या हॉट रॉडांपुढे एक प्रश्न उभा राहिला : जी गाडी बांधली गेली तेव्हा तिचा सांगाडा कधीच निर्दोष नव्हता, तिला आज निर्दोष करणे म्हणजे तिचे जतन की तिचे पुनर्लेखन? हस्तलिखिताचा संपादक लेखकाची खाडाखोड निमूटपणे ‘दुरुस्त’ करू लागला तर आपण त्याला काय म्हणू, याचा विचार इथे करावा.

यावर प्रतिक्रिया म्हणून ‘रॅट रॉड’ नावाचा प्रकार पुढे आला : गंजलेले, नुसत्या अस्तरावर ठेवलेले, मुद्दाम ओबडधोबड राखलेले. झळाळीच्या दहशतीला दिलेले ते उत्तर होते आणि त्यात खरेपणाची ओढ होती. पण लवकरच गंजही मुद्दाम आणला जाऊ लागला, आणि न रंगवणे हीच एक रंगण्याची तऱ्हा झाली. साधेपणाचा संकेत झाला की तोही अलंकारच असतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

जतनाच्या क्षेत्रात हा प्रश्न आता औपचारिकपणे मांडला गेला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये ‘ट्यूरिन सनद’ संमत केली. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या 1964 च्या ‘व्हेनिस सनदे’चा तिला आधार आहे. वाहनावर काळाने उमटवलेल्या खुणांनाही इतिहास मानावे, हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा, जे केले त्याची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. आपल्याकडे 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले गेले आणि आतले जुने रूप भाविकांना दिसले. मूळ रूप महत्त्वाचे की त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढलेले थर, हा पेच तिथेही होताच. दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मूर्ती झिजू द्यायची नसेल तर थर काढावे लागतात; पोलाद टिकायचे असेल तर गंज काढावाच लागतो. गंज ही खूण आहे तशी ती व्याधीही आहे.

म्हणून इथे कोणालाही ‘खरवडू नका’ असे सांगता येत नाही. वापरात राहणारी गाडी सुरक्षित असली पाहिजे, आणि तडा गेला आहे की नाही हे रंग काढल्याशिवाय कळत नाही. मागता येते ते एवढेच : झोताखाली धरण्यापूर्वी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक भोक, प्रत्येक जोडपट्टी वहीत उतरवावी, जुन्या थरांचा वितभर तुकडा, आडोशाच्या जागी का होईना, तसाच ठेवावा, आणि रिव्हेटची डोकी बुजवण्याआधी ती कोणी ठोकली होती याचा क्षणभर विचार करावा. घरबांध्याची ही वही हाच उद्याच्या इतिहासकाराचा आधार असणार आहे. हॉट रॉडचा इतिहास आजवर मुख्यतः वेगाचे आकडे आणि रंगांची नावे यांच्यातून लिहिला गेला. तो सांगाड्यावरून लिहिला गेला तर त्यात विक्रमवीर आणि नामवंत रंगारी कमी असतील, आणि रात्रपाळीहून येऊन पडवीत पोलाद घासत बसलेली माणसे अधिक. त्यांची नावे आपल्याला मिळणार नाहीत. त्यांच्या कानशीच्या रेघा मात्र अजून काही सांगाड्यांवर, रंगाखाली, शिल्लक आहेत.